टॉवेलचं वजन जीएसएमच्या हेडिंगखाली : आरमधून एक्सेलमध्ये गेलेल्या एका तक्त्याचं प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे. तिथल्या विव्हिंग मास्तरांच्या हातात ऑफिसातून एक छापील शीट आली. ११८ नंबरच्या डिझाइनचं जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) ५२३, शेजारी टार्गेट ४५०, आणि खाली शेठजींच्या अक्षरात शेरा : सूत जास्त जातंय, पाइल रेशो उतरवा. (पाइल म्हणजे टॉवेलवरचे सुताचे लूप; त्यांना किती सूत जातं ते या रेशोवर ठरतं.)

ऑर्डर निर्यातीची होती. ग्राहकाने ४५० जीएसएम ठरवून दिलं होतं आणि ५ टक्के वर-खाली चालेल असं करारात लिहिलं होतं. म्हणजे माल ४२७.५ ते ४७२.५ च्या आत बसायला हवा. ५२३ हा आकडा खरा धरला तर टॉवेलमागे १६ टक्के सूत फुकट जात होतं. टेरी टॉवेलच्या खर्चात सुताचाच वाटा मोठा, त्यामुळे असा कागद समोर आल्यावर कुठलाही मालक हाच शेरा मारील.

मास्तरांनी मागाला हात लावला नाही. त्यांनी ११८ चे काही टॉवेल काट्यावर टाकले. साइज ३० बाय ६० इंच, वजन ५२३ ग्रॅमच्या आसपास. मग ते शीट घेऊन गुणवत्ता विभागात आले आणि म्हणाले, "मॅडम, हे ५२३ म्हणजे वजन आहे ओ. जीएसएम कुठलं आलं एवढं?"

हिशेब सोपा आहे. ३० बाय ६० इंच म्हणजे ७६.२ बाय १५२.४ सेंटिमीटर, म्हणजे १.१६१३ चौरस मीटर. ५२३ ग्रॅमला त्याने भागलं की ४५० येतात. माल अगदी ठरल्याप्रमाणे निघत होता. शेरा मानून १६ टक्क्यांच्या हिशेबाने पाइल उतरवली असती, तर ४५० चं ३८७ झालं असतं आणि अख्खा लॉट ग्राहकाच्या तपासणीत नापास झाला असता.

त्यानंतर मला बोलावणं आलं. मी संख्याशास्त्र शिकवतो, आणि शहरातल्या दोन-तीन कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांना आकडेवारीत मदत करतो. परवानगी घेऊन लिहितो आहे; कारखान्याचं आणि माणसांची नावं देत नाही, कारण त्यांची गरज नाही. सोलापुरात आता चादर-टॉवेलच्या धंद्यातही आर ही आकडेवारीची संगणक-भाषा शिकलेली मुलं-मुली कामाला लागत आहेत. त्यांच्या तक्त्यांचा शेवटचा मुक्काम मात्र अजून एक्सेलच आहे. मधल्या उडीत काय होतं याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून हे सविस्तर मांडतो.

आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

तक्ता कुठून कुठे जात होता

मॅडमनी तपासणीच्या नोंदी आरमध्ये घेऊन डिझाइनवार सारांश काढला होता : किती नग तपासले, सरासरी वजन, सरासरी जीएसएम. पूर्वी त्या कन्सोलवर छापून आलेला तक्ता माउसने निवडून एक्सेलमध्ये चिकटवत. ते जमत नव्हतं. कन्सोलवरचे कॉलम नुसत्या मोकळ्या जागांनी सरळ रेषेत आणलेले असतात, त्यामुळे एक्सेल अख्खी ओळ पहिल्याच कॉलममध्ये कोंबतो. तक्ता रुंद असेल तर उरलेले कॉलम खाली वेगळ्या ठोकळ्यात छापले जातात. आरमधला टिबल प्रकारचा मोठा तक्ता तर पहिल्या १० ओळी दाखवून थांबतो.

म्हणून त्यांनी योग्य तीच वाट धरली. राइट.टेबल या आज्ञेला फाइलच्या नावाच्या जागी "क्लिपबोर्ड" द्यायचं आणि सेप, म्हणजे कॉलम वेगळे करणारं चिन्ह, म्हणून टॅब सांगायचा. विंडोजवर आर हे नाव ओळखतो आणि मजकूर थेट क्लिपबोर्डवर ठेवतो. पलीकडे एक्सेलमध्ये कंट्रोल-व्ही दाबलं की टॅबच्या जागी कॉलम तुटतात आणि ओळीच्या शेवटी ओळ. चिकटवायचं काम ऑफिसातला मुलगा करायचा, कारण ग्राहकाच्या नमुन्याची शीट त्याच्याकडे होती.

आता नेमकं काय चिकटलं ते पाहू. आरमधली ओळ अशी होती : डिझाइन ११८, नग ४८०, वजन ५२३, जीएसएम ४५०. यात डिझाइन नंबर हा कॉलम नव्हता. सारांश ज्या पद्धतीने काढला त्यात तो ओळीचं नाव, म्हणजे रो-नेम, झाला होता. राइट.टेबलला वेगळं काही सांगितलं नाही तर ती ओळींची नावंही लिहिते आणि कॉलमांची नावंही लिहिते, पण ओळींच्या नावांच्या कॉलमला हेडिंग देत नाही. त्यामुळे हेडिंगच्या ओळीत तीन शब्द आणि खालच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी. एक्सेल डावीकडून भरत जातो. सगळी हेडिंगं एक घर डावीकडे सरकली.

११८ च्या वर आलं "नग". ४८० च्या वर "वजन". ५२३ च्या वर "जीएसएम". आणि ४५० च्या वर काहीच नाही.

मुलाला शेवटचं हेडिंग रिकामं दिसलं. खाली ४५०, ४४८, ४५१ असे आकडे होते आणि ऑर्डरचं टार्गेट ४५० आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तिथे "टार्गेट" लिहिलं. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. त्या शीटमधली एकही गोष्ट डोळ्याला खुपत नव्हती. ११८ नग तपासले, पटण्यासारखं. टॉवेलचं वजन ४८० ग्रॅम, तेही पटण्यासारखं. जीएसएम ५२३, जड टॉवेलचं असतंच. चारही आकडे चुकीच्या हेडिंगखाली होते आणि चारही तिथे शोभत होते. शीटमध्ये १२ बाय १२ इंचाचा फेस टॉवेल असता तर भानगड लगेच उघडी पडली असती : त्याचं वजन ४२ ग्रॅम भरतं, आणि जीएसएमच्या खाली ४२ कुणीच खपवून घेतलं नसतं. पण त्या ऑर्डरमध्ये सगळा माल एकाच साइजचा होता.

वजनाला क्षेत्रफळाने भागून पाहिलं असतं तरी कळलं असतं. ४८० भागिले १.१६१३ म्हणजे ४१३, ५२३ नाही. पण छापील शीट हातात घेऊन भागाकार करत बसणारा माणूस विरळाच.

हेडिंग सरकतं का

ही आरमधली चूक नाही. राइट.टेबलचं भावंड म्हणजे रीड.टेबल. हेडिंगच्या ओळीत एक शब्द कमी दिसला तर पहिला कॉलम ओळींच्या नावांचा आहे, असं रीड.टेबल समजते. त्या दोघींचा हा आपसातला ठराव आहे आणि आरमधून आरमध्ये जाताना तो बिनचूक चालतो. एक्सेलला त्याची कल्पना नाही.

मॅडमचा एक प्रश्न मला फार आवडला : "सर, हाच तक्ता मी सीएसव्ही फाइलमध्ये काढला तेव्हा हेडिंग बरोबर होतं. मग क्लिपबोर्डवरच का सरकलं?" कारण राइट.सीएसव्ही ही आज्ञा ओळींच्या नावांवर स्वतःहून एक रिकामं हेडिंग ठेवते. राइट.टेबलकडून तेच हवं असेल तर कॉल.नेम्स ला एनए (आरमधली "मूल्य नाही" ची खूण) द्यावं लागतं. ट्रू दिलं किंवा काहीच दिलं नाही, तर हेडिंग सरकणारच. म्हणजे फाइल आणि क्लिपबोर्ड असा भेद नव्हताच, दोन आज्ञांच्या सवयी वेगळ्या होत्या. ज्यांनी आधी सीएसव्हीवर तपासून पाहिलं आणि मग निर्धास्तपणे क्लिपबोर्डकडे वळले, ते नेमके इथे फसतात.

एनए देण्यापेक्षा मला दुसरा उपाय जास्त पसंत आहे. ओळींच्या नावांत माहिती ठेवूच नये. डिझाइन नंबर ही माहिती आहे, तिला स्वतःचा कॉलम आणि स्वतःचं हेडिंग द्यावं, आणि मग रो.नेम्स ला फॉल्स सांगावं. रिकामं हेडिंग ठेवलं की पलीकडचा माणूस ते भरणार. या प्रकरणात त्याने ते भरलंच.

अर्धवट महिना

हेडिंगचा उलगडा झाल्यावर मी त्या महिन्यात क्लिपबोर्डवरून गेलेल्या बाकीच्या शीटही मागितल्या. त्यात दुसरी गोष्ट सापडली, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा गंभीर होती.

कारखान्यात ४८ माग, दोन पाळ्या, महिन्याला कामाचे २६ दिवस. मागवार-पाळीवार नोंदीचा तक्ता म्हणजे २४९६ ओळी. तारीख, पाळी, माग, डिझाइन, साइज, काउंट (सुताच्या जाडीचा क्रमांक), वजन, जीएसएम आणि दोषाचा कोड, अशा नऊ कॉलमांची एक ओळ साधारण ६० बाइटची होते. एकूण झाले दीड लाख बाइट.

विंडोजवर आरच्या क्लिपबोर्डला लिहिण्याची मर्यादा मुळात ३२ किलोबाइटची आहे, म्हणजे ३२,७६८ बाइट. ओळीचा शेवट विंडोजच्या रिवाजाप्रमाणे दोन चिन्हांचा होतो, तीही त्यात मोजली जातात. भागाकार केला तर ५४६ ओळी मावतात. दिवसाला ९६ ओळी, म्हणजे पाच दिवस पूर्ण आणि सहाव्याचा काही भाग. उरलेला महिना क्लिपबोर्डवर पोचलाच नव्हता.

मर्यादा ओलांडली की आर काम थांबवत नाही. जेवढं मावलं तेवढं ठेवतो आणि एक इशारा छापतो : "क्लिपबोर्ड बफर इज फुल अँड आउटपुट लॉस्ट". मॅडमची स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, सोर्स या आज्ञेने एकदम चालायची, आणि सगळे इशारे शेवटी एकत्र यायचे. त्यात रोजचे तीन-चार इशारे असायचेच, मजकुराचा आकडा करताना एनए झाल्याचे वगैरे. नव्या इशाऱ्याकडे लक्ष गेलं नाही. इकडे एक्सेलमध्ये शेकड्यांनी ओळी आलेल्या. तक्ता भरलेलाच दिसत होता.

त्या महिन्याचं सेकंड, म्हणजे दोष असलेल्या, मालाचं प्रमाण म्हणून जे ऑफिसात गेलं, ते पहिल्या पाच-सहा दिवसांचं होतं. सरासरी वजन, जीएसएम सगळं नेहमीसारखंच, कारण माग तेच, सूत तेच. महिन्याच्या मध्यात दोन मागांवर पाइलचे लूप ओढले जाण्याची तक्रार वाढली होती. ती शीटमध्ये नव्हतीच. सरासरीवर नजर ठेवणाऱ्याला असा तुटलेला तक्ता कधीच ओळखू येत नाही, म्हणून मी याला गंभीर म्हणतो.

पुरावा शेवटच्या ओळीत होता. मजकूर बाइट मोजून तुटतो, त्याला ओळीचं भान नसतं. शेवटच्या ओळीत तारीख होती, पाळी होती, माग नंबर, डिझाइन, साइज, काउंट होतं, आणि वजनाच्या खाली फक्त ५२. तिसरा अंक मर्यादेच्या पलीकडे राहिला होता. जीएसएम आणि दोषाचा कोड रिकामे. ३० बाय ६० चा टॉवेल ५२ ग्रॅमचा. कॉलम लहान-मोठ्या क्रमाने लावला असता तर तो सगळ्यात वर आला असता.

तातडीचा उपाय सोपा : "क्लिपबोर्ड" ऐवजी "क्लिपबोर्ड-२५६" लिहिलं की मर्यादा २५६ किलोबाइट होते. डॅशपुढे हवा तेवढा आकडा देता येतो. पण हा आकडा आधी ओळखून द्यावा लागतो आणि तक्ता दर महिन्याला वाढत असतो. दोषाचे शेरे मराठीत लिहायचे ठरलं तर तो आणखी लवकर अपुरा पडेल, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं.

बाकीच्या गोष्टी, थोडक्यात

काउंटचा कॉलम पाहिला तर काही ओळींत "०२-ऑक्टोबर" लिहिलेलं. सूत २/१० चं होतं, दोन पदरी दहा काउंट; एक्सेलने त्याची तारीख केली. तसंच फेस टॉवेलची साइज नोंदवहीत १२-१२ लिहायची पद्धत होती, ती "१२-डिसेंबर" झाली. डिझाइन ००४२ चं ४२ झालं. तारीख झालेला सेल नंतर टेक्स्ट केला तरी २/१० परत येत नाही, पाच अंकी एक आकडा येतो, कारण एक्सेल तारीख आतमध्ये दिवस मोजून ठेवतो. हा त्रास जगभरचा आहे. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सेप्टेंबरसारखी दिसणारी नावं याच कारणाने बदलल्याचं जाहीर केलं.

यावर लोक एक युक्ती सांगतात : प्रत्येक मूल्याच्या आधी बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं लावायची, म्हणजे एक्सेल त्याला सूत्र समजून आहे तसं दाखवतो. मला ती आवडत नाही. ती शीट ग्राहकाकडे जाते आणि तिथल्या संगणक-प्रणालीत सूत्रं शिरतात. आम्ही नोंदच बदलली. धंद्यात काउंट "२/१०एस" असाच लिहितात आणि साइज "१२x१२". आरमधल्या मूळ तक्त्यातही तसंच लिहायला सुरुवात केली. शेवटचं ते एक अक्षर किंवा मधला एक्स असला की एक्सेल तारीख करायला जात नाही. डिझाइन नंबरसाठी चिकटवण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करून घ्यायचा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून पुढची शून्यं न काढण्याचा पर्याय मिळतो, पण ग्राहकाच्या संगणकावर काय आहे ते आपल्या हातात नाही.

रिकाम्या जागी "एनए" ही अक्षरं येत होती. राइट.टेबलला एनए म्हणजे कोरी जागा, असं सांगितलं की ती जातात. सरासरी ४४९.८३३३३३३३३३३३ अशी लांबलचक यायची, कारण राइट.टेबल आकडा १५ सार्थ अंकांपर्यंत लिहिते. आधी राउंड केलं.

मराठी शेऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मागावरच्या मुकादमांनी दोष मराठीत लिहू द्या अशी मागणी केली होती, आणि ती रास्त होती. "डाग", "लूप ओढला", "ताणा तुटला" हे त्यांना कोडपेक्षा लवकर आणि अचूक लिहिता येतं. पण क्लिपबोर्डवरून पलीकडे "डाग" च्या जागी कोनी कंसात यू, अधिकचं चिन्ह आणि ०९२१, मग असेच आणखी दोन कंस. ०९२१ हा युनिकोडमध्ये ड चा क्रमांक. त्या संगणकावर आरची जुनी आवृत्ती होती. विंडोजवर आर ४.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, आतल्या आत यूटीएफ-८ वापरू लागला. त्याआधी विंडोजच्या जुन्या सांकेतिक तक्त्यात न बसणारं अक्षर लिहिताना असं क्रमांकाने लिहिलं जायचं. नवी आवृत्ती घातली, आणि "क्लिपबोर्ड" या नावाने लिहिण्याऐवजी राइटक्लिपबोर्ड ही वेगळी आज्ञा वापरली. तिला मजकुराचा प्रकार १३ सांगितला की तो युनिकोड म्हणून जातो. या वाटेवर ३२ किलोबाइटची अटही नाही. आधी कॅप्चर.आउटपुटमध्ये राइट.टेबल चालवून ओळी तयार करायच्या आणि त्या राइटक्लिपबोर्डला द्यायच्या. मुकादमांचे शेरे आता जसेच्या तसे जातात.

मॅडमच्या घरच्या मॅकबुकवर यातलं काहीच चालत नाही. तिथे पाइपने पीबीकॉपीला द्यावं लागतं, आणि लिनक्सवर एक्सक्लिप किंवा एक्ससेल आधी बसवावं लागतं. तिन्हीकडे एकच आज्ञा हवी असेल तर क्लिपआर नावाचं पॅकेज आहे. आणि आर सर्व्हरवर चालत असेल, ब्राउझरमधून, तर क्लिपबोर्ड त्या सर्व्हरचा असतो. समोरच्या लॅपटॉपवर काही येत नाही.

मुळाशी काय आहे

एक्सेलमधून एक्सेलमध्ये तक्ता चिकटवला तर तारीख तारीख राहते आणि टेक्स्ट टेक्स्ट राहतं, कारण विंडोजच्या क्लिपबोर्डवर एकच गोष्ट एकाच वेळी अनेक रूपांत ठेवता येते आणि एक्सेल स्वतःच्या रूपासकट ठेवतो. आर फक्त साधा मजकूर ठेवतो. आरमध्ये असताना ००४२ हा कोड होता, २/१० हा काउंट होता, ११८ हे ओळीचं नाव होतं. क्लिपबोर्डवर उतरताच ती सगळी नुसती अक्षरं आणि टॅब झाली. कुठला आकडा मोजायचा, कुठला फक्त ओळखण्यासाठी, हेडिंग कुणाचं, तक्ता संपला की तुटला, हे सांगणारं काहीच बरोबर जात नाही. ते सगळं पलीकडे नव्याने ठरतं. अर्धं एक्सेल ठरवतो आणि अर्धं चिकटवणारा माणूस. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट याच एका कारणाने झाली, म्हणून मी मॅडमना आज्ञेच्या आर्ग्युमेंटांची यादी पाठ करायला सांगितलं नाही. तक्ता आर सोडतो त्या क्षणी त्याच्याबरोबर काय जात नाही, ते आधी पाहू म्हटलं.

आता तिथे कसं चालतं

आम्ही एक छोटं फंक्शन लिहिलं. तक्ता दिला की ते आधी ओळींच्या नावांत माहिती आहे का ते पाहतं. असेल तर थांबतं आणि कॉलम करून द्या म्हणतं. शेऱ्यांमधले टॅब आणि ओळतोड काढून साधी जागा ठेवतं, कारण एखाद्याने शेरा दोन ओळींत लिहिला की एक्सेलमध्ये नोंदीच्या दोन ओळी होतात. मग राउंड, कोरी जागा, टॅब, क्लिपबोर्ड. शेवटी कन्सोलवर तीन आकडे छापतं : ओळी किती, कॉलम किती, वजनाच्या कॉलमची बेरीज किती.

हे तीन आकडे कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाकडे जातात. तो चिकटवल्यावर वजनाचा कॉलम निवडतो. एक्सेलच्या खालच्या पट्टीत मोजणी आणि बेरीज आपोआप दिसते. तीनही जुळले तरच शीट पुढे. ओळी तुटल्या तर मोजणी चुकते, हेडिंग सरकलं तर वजनाच्या नावाखाली नगांची बेरीज येते, काही आकडे तारीख किंवा टेक्स्ट झाले तर बेरीज बिघडते. बेरीज जुळवणं ऑफिसातल्या माणसाला नवं नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते येतं, म्हणून हा भाग सगळ्यात लवकर अंगवळणी पडला. शीटमध्ये जीएसएमच्या शेजारी एक सूत्रही टाकलं आहे : वजन भागिले क्षेत्रफळ. ते जीएसएमपासून १ टक्क्याहून जास्त हललं तर सेल लाल होतो.

मागवार-पाळीवार महिन्याचा तक्ता मात्र क्लिपबोर्डवरून पाठवणं पूर्ण बंद केलं. तो राइटएक्सएल पॅकेजने थेट एक्सेलची फाइल म्हणून निघतो. तिथे टेक्स्टचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच लिहिला जातो, त्यामुळे २/१० ची तारीख होण्याचा प्रश्नच येत नाही. आणि फाइलच्या नावात तारीख असते, त्यामुळे कुठल्या दिवशीचा तक्ता गेला ते नंतर दाखवता येतं. क्लिपबोर्डवर पुढची गोष्ट कॉपी केली की आधीची गेली. मग डिझाइनवार सारांशही फाइलनेच का नाही, असं शेठजींनी विचारलं. तो चार-सहा ओळींचा असतो आणि ग्राहकाच्या ठरलेल्या नमुन्यात, त्यांच्या लोगोखाली, त्यांच्या सूत्रांच्या मधोमध बसवायचा असतो. त्यासाठी फाइल उघडून पुन्हा तिथून कॉपी करण्यात काहीच मिळत नाही. एवढ्या लहान तक्त्याला क्लिपबोर्डच सोयीचा, आणि तीन आकडे जुळवले तर तेवढाच भरवशाचाही.

एक गोष्ट अजून करायची आहे. सकाळची पाळी सुरू होण्याआधी आर आपोआप चालावा आणि आदल्या दिवसाचा सारांश तयार असावा, असं शेठजींना हवं आहे. समोर माणूस नसताना चालणाऱ्या आरमध्ये क्लिपआर क्लिपबोर्डला हात लावत नाही, वेगळी परवानगी दिली तरच लावतो, आणि ते बरोबरच आहे : सकाळी सातला कुणी दुसरंच काही कॉपी करून ठेवलेलं असेल, तर ते न विचारता पुसलं जाईल. तो अहवाल फाइलनेच निघेल. ऑफिसातला मुलगा त्याच्या टेक्स्ट कॉलमांची यादी मॅडमबरोबर बसून करतो आहे.